दिवेकर : आडनाव एक, घराणी किती?

माहेर_दिवेकर

नमस्कार मंडळी,

माझं माहेरचं आडनाव दिवेकर. आजोबांनी हाताने लिहिलेली वंशावळ घरात आहे, फुलस्केप कागदाला कागद चिकटवत वाढवत नेलेली. मूळपुरुषापासून वडिलांपर्यंत सगळे पुरुष ओळीने आहेत. बायका आहेत त्या कंसात, सासरी ठेवलेल्या नावाने. त्या कुठून आल्या, कोणाच्या मुली होत्या, याचा पत्ता नाही. घरातल्या मुली तर नाहीतच. म्हणजे मी नाही, माझ्या आत्या नाहीत, आजोबांच्या बहिणी नाहीत. ही वंशावळ पुन्हा मांडायची म्हणून कामाला लागले आणि लक्षात आलं की प्रश्न आमच्या घरापुरता नाही.

आम्ही चित्पावन, दिवेआगरचे, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पण दिवेकर बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंतही आहेत. दौंड-पुरंदरकडे मराठा दिवेकर आहेत. आणि दिवे नावाची गावंही एकाहून अधिक आहेत. श्रीवर्धन तालुक्यातलं दिवेआगर सगळ्यांना माहीत असतं. सासवडजवळचं दिवे, ज्याच्यावरून दिवे घाट, ते दुसरं. भिवंडीकडे दिवे-अंजूर आणि दिवे-केवणी आहेत, ती आणखी वेगळी. दिव्यात राहणाऱ्याला दिव्यातले लोक दिवेकर म्हणणार नाहीत, तिथे तो जोशी, पाटील, भट, तेली असाच ओळखला जाणार. गाव सोडून तो दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला दिवेकर म्हणू लागतात. त्यामुळे दोन दिवेकरांमध्ये रक्ताचं नातं असेलच असं नाही, पण दोघांच्याही मागे गाव सोडल्याची एक गोष्ट नक्की असते. मला त्या गोष्टी जमवायच्या आहेत. सगळ्या दिवेकरांच्या, जात-धर्म न बघता, आणि प्रत्येक दुव्याखाली त्याचा कागद कोणता ते लिहून.

ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी इथे लिहा. दिवेकर नसाल पण अशा शोधाचा अनुभव असेल, तरी हवाच आहे.

जुना_कुलवृत्तांती

ताई, उपक्रम चांगला आहे. मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीवर काम केलं आहे, म्हणून थोडं सांगतो. व्याप्ती आवरा. गोत्र एक, कुलदैवत एक, मूळ गाव एक, एवढं जुळलं तरच एकत्र घ्यायचं. आम्ही छापील प्रश्नावली पाठवायचो, आलेली उत्तरं पडताळून घराणं, शाखा, पिढी असा क्रमांक द्यायचो. एवढं करूनही शेवटी काही घराणी सुटी राहिलीच. गोत्र तेच, गाव तेच, पण दोघांना जोडणारा पुरुष कागदावर सापडत नाही. ती आम्ही 'घराणे पहिले', 'घराणे दुसरे' अशी वेगवेगळीच छापली. एका गोत्रात ही स्थिती, तर सगळ्या जातींचे दिवेकर एकत्र घेऊन तुम्ही काय जोडणार? शेवटी ते नुसतं संकलन होईल.

माहेर_दिवेकर

काका, तुम्ही घराणी सुटी ठेवलीत, ओढूनताणून जोडली नाहीत, हेच मला फार मोलाचं वाटतं. मलाही तेच करायचं आहे. सगळ्यांना एका मूळपुरुषाखाली आणायचं नाही. घराणी सुटीच राहतील, फक्त त्यांचा शोध एकमेकांशेजारी बसून होईल.

याचं कारण सांगते. कागद जातवार ठेवलेले नसतात, गाववार असतात. एका गावच्या दप्तरात खोत, कूळ, जोशी, तेली, कोळी सगळे एकाच बाडात येतात. मी माझ्या घरासाठी ते बाड उघडणार, तर त्यात दिसलेलं दुसऱ्या दिवेकराचं नाव मी का सोडून द्यावं? ते नाव कोणाच्या तरी घरातली हरवलेली पिढी असेल.

अष्टागरी

दिवेआगरसाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्या, म्हणजे हेलपाटे वाचतील. श्रीवर्धन आणि म्हसळा हा भाग 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. सिद्दीचं राज्य. अलिबाग, पेण, रोहा इंग्रजी कुलाबा जिल्ह्यात. त्यामुळे दिवेआगरचे जुने महसुली कागद कुलाब्याच्या इंग्रजी मालिकेत शोधाल तर हाती काही लागणार नाही. संस्थान विलीन झाल्यावर तो भाग कुलाबा जिल्ह्यात आला, आणि 1981 मध्ये कुलाब्याचं रायगड झालं. शोध कोणत्या सालातला आहे ते ठरवा, मग त्या साली तिथे राज्य कोणाचं होतं ते बघा, आणि मगच दप्तर निवडा.

पेशव्यांचं भट घराणंही श्रीवर्धनचं, जंजिऱ्याच्या मुलखातल्या देशमुखीचं. बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले आणि त्यानंतर या किनाऱ्यावरची कितीतरी घरं घाटावर गेली. पुणे, सातारा, पुढे इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, काशी. गाव सोडल्यावर आडनाव लागतं असं तुम्ही म्हणता, ते या काळात मोठ्या प्रमाणावर घडलं असणार.

शिलालेखवेडा

दिवेआगर म्हटलं की ताम्रपट आलाच. शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा, आणि भाषा मराठी. गावाचं नाव त्यात 'दीवे' असं येतं. त्यातला घैसास हा शब्द आजही आडनाव म्हणून आपल्यात आहे. जवळपास हजार वर्षं टिकलेला शब्द धातूवर कोरलेला बघताना अंगावर काटा येतो.

माहेर_दिवेकर

माझ्याही आला. पण म्हणूनच इथे एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवते. पिढीला 25 ते 30 वर्षं धरली तर 1060 पासून आजवर 32 ते 38 पिढ्या होतात. एवढी सलग साखळी आमच्याकडे नाही. आमच्या घरची वंशावळ ताम्रपटाच्या आसपासही पोचत नाही. तेव्हा 'आमचं घराणं हजार वर्षांचं' असं या संकलनात कोणी लिहू नये. गाव तेवढं जुनं आहे, हे मात्र अभिमानाने लिहू.

अश्दोदहून

शलोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, आईकडून दिवेकर. आम्ही इस्राएलात आहोत, पण घरात अजून मराठी बोलतो. इथे आमच्या लोकांचं 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघतं.

आमच्यातले सर्वांत माहितीतले दिवेकर म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, सॅम्युअल इझिकेल दिवेकर. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. सुटून आल्यावर मुंबईत त्यांनी आमचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, शाआर हारहमीम, 1796 साली. मांडवीत ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युअल स्ट्रीट. आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं आमच्याकडे सांगतात. 1797 मध्ये कोचीनला त्यांचं निधन झालं.

नाव नीट बघा. समाजी, बापाचं हसाजी, गावाचं दिवेकर. तुमच्यासारखीच बांधणी. समाजी म्हणजे सॅम्युअल, हसाजी म्हणजे इझिकेल, अबाजी म्हणजे अब्राहम, मुसाजी म्हणजे मोझेस. जुन्या मराठी कागदावर नुसतं 'अबाजी' दिसलं तर तुम्ही त्याला हिंदू समजून पुढे जाल. कोकणात आमच्या लोकांचा तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. कागदावर ते शब्द दिसले तर तो माणूस आमचा समजा.

ताई, तुमच्या यादीत आम्हाला धरलंत म्हणून बरं वाटलं. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, तळेगावकर अशी आमची सगळी आडनावं गावांवरून आहेत. त्यातल्या बऱ्याच गावांत आता आमचं एकही घर नाही. आडनाव तेवढं राहिलं.

माहेर_दिवेकर

ताई म्हणू की दादा? तुमची पोस्ट मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. सॅम्युअल स्ट्रीट हे नाव मुंबईत कितीदा कानावर पडलं असेल, पण तो सॅम्युअल दिवेकर होता हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

एक विचारते. तुमच्याकडे मुलीच्या माहेरची नोंद कशी सापडते? माझं सगळं तिथेच अडतं आहे.

अश्दोदहून

ताईच म्हणा. आमच्याकडे केतुबा असते, लग्नाचा करार. वर, वराचा बाप, वधू, वधूचा बाप, गाव, तारीख, सगळं त्यात. सिनेगॉगमध्ये लग्नांच्या नोंदवह्याही असतात. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल इथली सिनेगॉगं जुनी आहेत. कबरस्तानातल्या दगडांवर मराठी आणि हिब्रू दोन्ही असतं. हिब्रूत बापाचं नाव, मराठीत आडनाव, असं पुष्कळदा दिसतं, म्हणून दोन्ही बाजू वाचा. इस्राएलातल्या कागदांत मात्र जपून. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे दिवेकर रोमन लिपीत परत येताना दिव्कर होतो, देवकर होतो, काहीही होतो.

मोडी_वाचणारी

तीच अडचण मोडीत आहे, म्हणून लिहिते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही. वेलांटी एकच, 'दीवे' अशीच दिसणार. वेलांटी शेजारच्या अक्षराला जोडून वळते आणि मात्रा घाईत वर कुठेतरी पडते, त्यामुळे दिवेकर, देवकर आणि दिवकर यांच्यात घोटाळा होतो. देवकर हे स्वतंत्र आडनाव आहे. नुसतं आडनाव वाचून ठरवू नका, त्याच कागदात लेखकाने 'देव' आणि 'दिवस' कसे लिहिलेत ते शोधा, आणि मग ताडून बघा. हात एकच असेल तर खात्रीने सांगता येतं.

आता बायकांबद्दल. जुन्या कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' येतं, म्हणजे अमक्याची बायको. मुसलमान नावांत 'वलद' दिसतं. शिकाऊ माणूस 'कोम' हे जातीचं किंवा गावाचं नाव समजून सोडून देतो. बाई शोधायची तर 'कोम' शोधा. विधवा असेल तर ती वारस म्हणून, वतनाच्या तंट्यात वादी म्हणून, दत्तक घेणारी म्हणून येते. आणि दत्तकाच्या कागदात मुलगा कोणत्या घरातून आणला ते लिहिलेलं असतं. बाईच्या माहेरचाच भाऊ किंवा भाचा दत्तक घेतलेला असेल तर माहेरही उघड होतं.

तारखेचं एक सांगते. कागदावर शके असेल तर 78 किंवा 79 मिळवा. पण मराठेशाहीतल्या सरकारी कागदावर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. 'इसन्ने तिसैन मया व अलफ' असं दिसलं तर इसन्ने 2, तिसैन 90, मया 100, अलफ 1000. झाले 1192. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरमधल्या महिन्यांसाठी 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे 600. म्हणजे 1791-92. फसली सन असेल तर दख्खनी हिशेबाने 590-591. सुहूर फसली समजून वाचलात तर नऊ वर्षांची चूक पडते, आणि नऊ वर्षांत बाप-लेकांची अदलाबदल होऊ शकते.

दौंडकर_दिवेकर

राम राम. आम्ही मराठा दिवेकर, दौंड तालुक्यातले. आमची म्हातारी माणसं सांगायची की आपण दिवे घाटावरच्या दिव्याचे, म्हणजे पुरंदरातल्या. कुलस्वामी जेजुरीचा खंडोबा. लहानपणी भाट यायचा, पोथी काढून नावं म्हणायचा, धान्य आणि कपडा घेऊन जायचा. नंतर तो यायचा बंद झाला आणि पोथी कुठे गेली माहीत नाही.

2023 पासून कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगाव सगळ्यांनीच कागद उपसले. मीही शोधले, प्रमाणपत्रासाठी. कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. त्यात जन्म-मृत्यूची तारीख, नाव, बापाचं नाव, जात, मयताचं वय आणि आजार असं लिहिलेलं असतं. 1918 च्या पानांवर आलो आणि पुढे वाचवेना. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. आमच्या एकाच घरातली माणसं, मोठी आणि लेकरं, एकामागोमाग एक, सगळ्यांपुढे 'ताप'. आमच्या पणज्याचे भाऊ होते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. ती सगळी शाखा त्या दोन पानांत संपलेली होती.

प्रमाणपत्राचं काम व्हायचं ते होईल. पण ती नावं कुठेतरी लिहिली जावीत असं फार वाटतं. तुमच्या संकलनात चालतील का? आमचा तुमच्याशी संबंध नसेल कदाचित.

माहेर_दिवेकर

दादा, चालतील का म्हणून काय विचारता! ती नावं आलीच पाहिजेत. ज्यांना पुढे वंश नाही त्यांना वंशावळीत कोणी विचारत नाही, त्यांच्यासाठी प्रश्नावली भरणारंही कोणी नसतं. दोन पानांत संपलेली शाखा लिहिणारे तुम्ही एकटेच आहात. वय आणि तारखेसकट पाठवा. त्या घरातल्या बायकांच्या नावांपुढे 'कोम' असेल, तीही घ्या.

आणि तुमचं देवक कोणतं तेही लिहा. मराठा घरांत एका देवकात सोयरीक होत नाही, म्हणून एका भागातले दोन दिवेकर एक की वेगळे हे ठरवायला देवक बऱ्यापैकी उपयोगी पडतं. आमच्याकडे गोत्र, तुमच्याकडे देवक. नुसतं जेजुरी म्हणून भागत नाही, खंडोबा अर्ध्या महाराष्ट्राचा कुलस्वामी आहे.

कृष्णाकाठ

भाटाचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे सांगली-कोल्हापूरच्या भागात हेळवी येतात. बेळगाव, गोकाककडचे. काही वर्षांनी एकदा बैलगाडीतून यायचे, आता टेम्पोतून येतात. दारात बसून तुमच्या घराची नावं घडाघडा वाचतात, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं विचारून लिहून घेतात. मराठा, लिंगायत, जैन, कितीतरी घरांच्या वंशावळी त्यांच्याकडे आहेत. आले की त्यांना नीट बसवा, नावं विचारा, मान द्या. त्यांच्या पोथीचे फोटो न विचारता काढू नका, ती त्यांची उपजीविका आहे.

तीर्थक्षेत्री

ब्राह्मण आणि इतरही अनेक घरांसाठी त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया, काशी, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा मोठा आधार आहे. आडनाव आणि गाव सांगितलं की तुमच्या घराचे उपाध्ये कोण ते तिथे कळतं. आजचं गाव सांगून उपयोग नाही, मूळ गाव आणि मधली गावंही सांगा. दिवेकर कल्याणला राहिले, मग इंदूरला गेले, तर नोंद कल्याणकर म्हणूनही असू शकते किंवा इंदूरच्या पानावर. वहीत आलेल्या माणसाची स्वतःच्या हातची नोंद असते. सोबत कोण, कोणाच्या अस्थी आणल्या, भावांची नावं, मुलांची नावं. पुष्कळदा आई आणि आजीचंही नाव, कारण श्राद्धात मातृत्रयी, म्हणजे आई, आजी, पणजी लागते. ताई, तुमच्या कामाची जागा हीच आहे. श्राद्धाच्या संकल्पात मातामह, म्हणजे आईचे वडीलही येतात, म्हणून काही जण आईच्या माहेरचीही तीन नावं लिहून जातात.

दक्षिणा यथाशक्ती द्या, आणि निघण्याआधी आपली नोंद करा. मुलींची नावंसुद्धा सांगा, लिहून घेतात.

माहेर_दिवेकर

मातृत्रयीचा हा धागा मला सुचलाच नसता. फार आभार. त्र्यंबकला जायचं ठरवते.

डेटावाला

एवढं सगळं करण्यापेक्षा डीएनए करून टाका ना. आता घरबसल्या होतं. पुरुष दिवेकरांनी वाय गुणसूत्राची चाचणी केली की एकाच वंशाचे कोण ते लगेच कळेल.

जुना_कुलवृत्तांती

दत्तकाचं काय करणार? आमच्या घराण्यात तर काही शाखा दत्तकावरच चाललेल्या आहेत. धर्मशास्त्राने, कायद्याने, घरातल्या मायेने तो मुलगा त्या घराचा आहे. तुमची चाचणी त्याला परका ठरवणार. ते मी मानणार नाही.

माहेर_दिवेकर

काकांशी पूर्ण सहमत. शिवाय वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे मी पुन्हा बाहेर! मोठ्या समूहाचा इतिहास समजायला जनुकशास्त्राचा उपयोग होतो. बेने इस्राएलांवर 2016 साली अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसा दिसला. पण एका घराची नाती ठरवायला, तीही कोणाची संमती कशी घेतली याचा हिशेब नसताना, मी या संकलनात चाचण्या घेणार नाही. कोणी स्वतःहून केली असेल तर त्यांनी ती स्वतःपाशी ठेवावी.

याच ओघात जिवंत माणसांबद्दल ठरवून टाकू. जिवंत माणसाची जन्मतारीख, पत्ता, फोन इथे किंवा संकलनात येणार नाही. घरातलं दुसरं लग्न, दत्तक, परजातीतलं लग्न हे मात्र गाळायचं नाही. जुन्या वंशावळींत अशी माणसं सरळ वगळलेली दिसतात. ज्या मुलीने मनाने लग्न केलं तिची ओळच नाही. त्या माणसांना वाटलं तर त्यांची ओळ लिहिली जाईल, त्यांच्या मर्जीने.

अष्टागरी

अजून एक दप्तर सुचवतो, सगळ्यांना उपयोगी आहे. कूळ कायद्याचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी. 1948 चा कायदा, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली. त्यापुढच्या काळातले फेरफार काढा. मालक म्हणून ज्यांची नावं होती ते सगळे भाऊ, मयत भावाची विधवा, मुंबईला किंवा बडोद्याला गेलेले चुलते, सगळे एका नोंदीत येतात, कारण प्रत्येकाचा हिस्सा होता. आणि त्याच नोंदीत कुळाचं नाव, बापाच्या नावासकट. गाव सोडून गेलेलं घर आणि गावात राहिलेलं घर दोन्ही एकाच कागदावर. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. सातबारा आजचा सांगतो, मागे जायचं तर त्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक पायरी उतरावी लागते.

वारस नोंदींमध्ये 1956 नंतर मुलींची नावंही येतात, हिंदू उत्तराधिकार कायद्यामुळे. हक्कसोड केलेली असली तरी नोंद राहते.

माहेर_दिवेकर

हक्कसोड हा शब्द वाचला आणि थांबले. कितीतरी घरांत मुलीचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा येतं ते आपला हिस्सा सोडते म्हणून. पण येतं, लग्नानंतरच्या नावासकट आणि 'मयताची मुलगी' अशा उल्लेखासह. माहेर-सासर दोन्ही जोडणारा तो कागद आहे. सगळ्यांनी आपापल्या घरातली हक्कसोडपत्रं काढा.

नुसताच_वाचक

मी दिवेकर नाही, पण माझ्या मनात एक शंका आहे. सगळ्या दिवेकरांचा शोध घेताना जे मूळचे तेच पण आडनाव बदललेले आहेत ते निसटणार नाहीत का?

जुना_कुलवृत्तांती

निसटतात. रास्ते मूळचे गोखले. भटांचे पेशवे झाले. हे मोठे म्हणून आपल्याला माहीत. एका भावाला गावाचं जोशीपण मिळालं तर तो जोशी, दुसऱ्याकडे कुलकर्ण आलं तर तो कुलकर्णी, तिसरा गावावरून ओळखला गेला तर दिवेकर. इंग्रजी शाळेत पटावर नाव घालताना मास्तरांनी विचारलं आणि जे सांगितलं ते कायम झालं, अशीही घरं आहेत. म्हणून कागदात 'उपनाम' हा शब्द बघा. 'जोशी उपनाम दिवेकर' किंवा उलट. ताई, हे तुमच्या संकलनात वेगळं नोंदवा, पुढच्याला धागा मिळेल.

आणि माझं सुरुवातीचं 'व्याप्ती आवरा' तेवढं कायम आहे, पण आता थोड्या वेगळ्या अर्थाने. एकावेळी एक दिवे घ्या. आधी दिवेआगर संपवा, मग पुरंदर, मग भिवंडी.

माहेर_दिवेकर

काका, हे एकदम मान्य. दिवेआगरपासून सुरुवात करते. पुरंदरच्या बाजूचं दौंडकर दादा बघतील का? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, त्यात गावांचे पाहणी खरडे, वतनांचे महजर (पंचांपुढचे निवाडे) असतात. पुरंदर तर पुण्याच्या अंगणातलं, तिथले कागद मिळण्याची शक्यता जास्त. मोडी_वाचणारी ताई, वाचनाला मदत कराल ना?

मोडी_वाचणारी

करणार. फोटो पाठवताना पूर्ण पान पाठवा, आडनावापुरता तुकडा कापून पाठवू नका. वरचा सन आणि खालचं मोर्तब (शेवटचा शिक्का) दोन्ही लागतं. रुमालाचा, म्हणजे दप्तरातल्या गाठोड्याचा क्रमांक पानाच्या फोटोबरोबरच लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

दौंडकर_दिवेकर

बघतो की. दिव्याला आमची सोयरीक आहे, तिथल्या जुन्या माणसांना आधी भेटतो. देवक घरात विचारलं. आई म्हणाली पंचपल्लव. 1918 ची दोन्ही पानं आणि त्याआधीच्या दहा वर्षांची पानंही पाठवतो, म्हणजे त्या लेकरांचे जन्मही सापडतील. बायकांची नावं बघितली. खरंच 'कोम' लिहिलंय, मी ते इतके दिवस वाचलंच नव्हतं.

अश्दोदहून

माझ्या आईच्या आईची केतुबा मावशीकडे आहे, इथेच. या शब्बाथनंतर जाऊन फोटो काढते. गाव काय लिहिलंय ते आधी बघते. दिवे लिहिलं असेल तर शेजारी तालुका किंवा खाडी असं काही आहे का, तेही बघते.

माहेर_दिवेकर

नक्की बघा ताई. रेवदंडा किंवा मुरूड असं काही शेजारी आलं तर दिवेआगरच्या बाजूने शोधू, पनवेल-ठाणे आलं तर भिवंडीची दोन दिवे आधी बघावी लागतील. मागच्या बाजूला साक्षीदारांच्या सह्या असतील, त्या मराठीत असल्या तर त्यांचीही आडनावं उतरवून घ्या, साक्षीदार बहुधा जवळच्या गावातले असतात.